धुकं उठल्यावर निघीन

मोटारसायकल मी विकलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना काही जण त्याच एका गोष्टीची वाट पाहत बसतील. शेवटी बाई शहाणी झाली आणि गाडी विकून मोकळी झाली, असा शेवट इथे नाही.

मी बार्शीटाकळीची. आमचं घर फुलं आणि भाजी पिकवणाऱ्यांचं. शेतात माझा नवरा श्रीकृष्ण, बाजारात मी, अशी आमची वाटणी लग्नानंतर दोनच वर्षांत पडली, कारण त्याला भाव करता येत नाही आणि मला निंदण जमत नाही. झेंडू, शेवंती, निशिगंधाची पोती मागे बांधून रोज सकाळी मी अकोल्याला जाते. थंडीत, पावसात, उन्हाळ्यात. आता एवढी वर्षं झाली की रस्त्यावरची कुत्रीही माझ्यामागे धावत नाहीत.

तीन हिवाळ्यांपूर्वी माझा मधला भाऊ दिनेश मोटारसायकलवर गेला. तो मूर्तिजापूरला राहायचा आणि अकोल्यात पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. सकाळचं धुकं होतं. मूर्तिजापूरकडून येताना बोरगाव मंजूच्या अलीकडे कापसाने भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, साधा झाडाचा फाटाही टाकलेला नाही. दिनूला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याच्या दिवशी धाकट्या मंगेशने माझा हात धरून मायच्या डोक्यावर ठेवायला नेला. म्हणाला, "ताई, शपथ घे. आजपासून गाडी बंद." मी हात सोडवून घेतला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. आणि सगळ्या नात्यागोत्यात एकच वाक्य फिरत राहिलं: पोरगं जोरात चालवत असेल. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, पण असेलच. मला दिनू गेल्याचं दुःख होतं तेवढाच या वाक्याचा संताप होता. उभी ट्रॉली सगळे विसरले, दोष मेलेल्याच्या माथी लागला.

म्हणून यंदाच्या जानेवारीत, मंगेशच्या मुलीचं बारसं ठरलं आणि त्याचा निरोप आला की "एसटीनं ये, गाडी दारात आणू नको," तेव्हा मी टायरची हवा तपासायला घेतली.

बार्शीटाकळी, सकाळी

माझं माहेर चांदूर बाजार. अकोल्यावरून अमरावती, तिथून वलगावमार्गे चांदूर. थंडीत हा रस्ता गाडीवर करायचा तर कपडे कसे घालायचे, हे मला विचारा. लोकरीचे हातमोजे घालून निघतात लोक आणि पाच मिनिटांत बोटं लाकडं होतात. लोकरीतून वारा आरपार जातो. स्वेटर कितीही जाड असू द्या, त्यावर रेनकोट हवाच. छातीशी जुना पेपर घडी करून घातला की दुसरं काही लागत नाही. ओढणीचं टोक मोकळं सोडायचं नाही. आणि बोटं सुन्न झाली की थांबायचंच, मग समोर कोणीही वाट पाहत असो. सुन्न बोटाला ब्रेक लवकर सापडत नाही.

श्रीकृष्णाने चहा दिला आणि विचारलं, "मंगेश रागावला तं?"

"तीन वर्षांपासून रागावूनच राहिला ना तो. त्यात नवं काय?"

तो हसला नाही. हेल्मेटची काच त्याने स्वतः पुसून दिली. मागच्या माणसाचं हेल्मेट मी गाडीला कायम अडकवून ठेवते, तेही त्याने नीट बांधलं. मी लाल रेडियमचा गुंडाळा पिशवीत टाकला. उजेड पडला की चमकते ती पट्टी. दिनू गेल्यापासून ती माझ्याकडे असतेच. दिसेल त्या ट्रॉलीला लावते. अकोल्याच्या बाजारात मला 'रेडियमवाली' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

सूर्य दिसल्यावरच निघाले. अंधारात निघून लवकर पोचण्याचा मोह मला होत नाही.

बोरगाव मंजूच्या पुढे

अकोल्यापर्यंत ऊन होतं. शहरात गर्दी, जिनिंग गिरणीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, रस्त्याच्या कडेने उडत पडलेला कापूस. मोठ्या रस्त्याला लागले तर सूर्य बरोबर डोळ्यांत. सकाळी अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्याच्या नशिबी हे असतंच. सबंध रस्ता पूर्वेला जातो. मी काचेच्या वरच्या भागाला काळी पट्टी लावली आहे. मान जराशी खाली केली की सूर्य झाकला जातो आणि रस्ता दिसतो.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि सूर्यच गेला. ओलिताच्या वावरांवरून धुकं उठून रस्त्यावर आलं होतं. आधी झाडं गेली, मग दुभाजक, मग माझ्याच गाडीच्या पुढच्या चाकापलीकडचं काही दिसेना. हेडलाइट खाली केला. वर केला की सगळं पांढरंफेक होतं. काच थोडी उघडली, नाहीतर आपल्याच श्वासाने ती भरते. पण अशा वेळी रस्त्याच्या कडेला थांबणंही धोक्याचं. मागून येणारा कडेलाच घुसतो. म्हणून सायकलच्या वेगाने जात राहिले, आणि डावीकडे एका ढाब्याचा मिणमिणता बल्ब दिसला तशी रस्ता सोडून पार आत, विहिरीपर्यंत गाडी नेली.

ढाबा एक बाई चालवत होती. चुलीजवळ तीनचार ड्रायव्हर बसले होते. मी हेल्मेट काढलं तसं एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. बाईने विचारलं, "पोहे देऊ का? तर्री गरम हाये."

"द्या. अन् ती बाहेरची ट्रॉली कोणाची?"

आत वळताना पाहिली होती मी. कापसाची ट्रॉली, अर्धी रस्त्यावर, अर्धी कच्च्यात. मागे काळोख.

"माही," घोंगडी पांघरलेला एक माणूस म्हणाला. माझ्याच वयाचा असेल. "कावून?"

"आत घ्या तिले. मागं कायच दिसत नाई."

"उभी हाये ना बाई ते. उभ्या गाडीपासून कोणाले तरास?"

"उभ्याच गाडीपासून हाये."

सगळे हसले. तो म्हणाला, "चाक रुतीन कच्च्यात. भरली हाये पूर्ण."

मी पिशवीतून गुंडाळा काढला. "मंग हे तरी लावते."

"अहो, शेटची ट्रॉली हाये! रंग निघाला तं मलेच बोलतीन ते."

"तुमच्या शेटचा नंबर द्या, मी बोलते."

"तुमी कोण हो? आरटीओच्या?"

हसणं पुन्हा सुरू झालं. मला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि रागात मी बरी बोलते. म्हटलं, "मी फुलं विकते. इथून जरा पुढं, दुभाजकाच्या त्या बाजूले, माहा भाऊ अशाच एका ट्रॉलीवर गेला. ते पण उभीच व्हती."

ढाब्यावाल्या बाईने तव्यावरचा हात थांबवला. "पंपवाला पोरगा का वं?" तिने विचारलं. मी मान हलवली.

मी बाहेर गेले. पट्टी लावली तर चिकटेना. पत्र्यावर दव साचलं होतं. ओढणीने पुसावं म्हणून हात वर केला तर मागून तो घोंगडीवाला आला. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि पत्रा कोरडा होईपर्यंत घासला. "लावा आता," म्हणाला. मग त्याने दुसऱ्याला हाक मारली, ट्रॅक्टर सुरू केला, आणि दोघांनी मिळून दगड टाकत टाकत ट्रॉली आत घेतली. चाक रुतलं नाही.

"नाव काय भावाचं?" त्याने विचारलं.

"दिनेश."

"बरं," एवढंच म्हणाला तो, आणि मला कळलं नाही की त्याला ते नाव कशाला हवं होतं.

पोहे खाल्ले. तर्रीने नाकातून पाणी आलं, बोटांत जीव आला. तेवढ्यात मंगेशचा फोन.

"कुठी हायेस?"

"ढाब्यावर. धुकं पडलं."

"गाडीनं येऊन राहिली ना? मले माईत व्हतं. आता पोहोचशीन कदी? सारे पाहुणे येऊन बसतीन. सासरचे लोक यवतमाळहून आले. पोरगी बिना नावाची पाळण्यात टाकाची का?"

"मी धुकं उठल्यावर निघीन."

"ताई, लोकं काय म्हणतीन?"

"नाव ठेवाले आत्या लागते ना, मंगेश? जिवंत आत्या लागते."

त्याने लगेच फोन ठेवला नाही. मागे बायकांचा गलका, भांड्यांचे आवाज ऐकू येत होते. मग फोन बंद झाला.

धुकं उठलं तेव्हा एकदम उठलं, कोणी पदर ओढून घ्यावा तसं. मी निघाले. दिनूची जागा दुभाजकाच्या पलीकडे आहे, त्यामुळे तिथे थांबता येत नाही. मान वळवून पाहिलंही नाही. समोर रस्ता पाहायचा, हेच त्याने मला शिकवलं होतं. गाडी मला त्यानेच शिकवली.

अमरावती, आणि वलगावच्या पुढचा चिखल

अमरावतीत सिग्नलला एका ऑटोवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रेनकोट, हेल्मेट, हातमोजे.

"ताई, पुण्याच्या का?"

"बार्शीटाकळीच्या."

"मंग हे सारं कावून घातलं?"

"जीव हाये म्हणून."

तो इतका मोठ्याने हसला की मागच्या सवारीने त्याला गाडी हाकायला सांगितलं.

उशीर झालाच होता, तरी मी थांबून गिला वडा खाल्ला. दही-चटणीतला तो मऊ वडा आमच्या अकोल्यात असा मिळत नाही, आणि अमरावतीवरून जाऊन तो न खाणं मला जमत नाही. थंडीत दही खाते म्हणून शेजारच्या एका आजोबांनी मला उपदेश केला. मी दुसरा मागवला.

वलगाव सोडलं की रस्ता बदलतो. संत्र्याच्या बागा लागतात. हिरव्यागार झाडांत केशरी फळं, आणि रस्त्याच्या कडेला क्रेटची थप्पी. तुरीची शेतं वाळत आलेली, हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरत आलेला. आणि तिथेच मी पडले.

ओलित केलेल्या वावरातून ट्रॅक्टर बाहेर आला होता. त्याच्या चाकांनी आणलेली काळी माती रस्त्यावर लिंपली गेली होती. आपल्या काळ्या जमिनीचा ओला चिखल म्हणजे लोणीच. मला तो दिसला, मी वेग आधीच कमी केला, ब्रेकला हात लावला नाही, सगळं बरोबर केलं. तरी मागचं चाक सरकलं. गाडी अगदी सावकाश, बैल बसतो तशी आडवी झाली, आणि मी तिच्याबरोबर.

बागेत संत्री तोडणाऱ्या बायका धावत आल्या.

"लागलं का वं माय?"

"गुडघा खरचटला. खांदा जरा... नाई, हलते."

"माणूस कुठी हाये?" एकीने रस्त्यावर इकडेतिकडे पाहत विचारलं.

"कोणता माणूस?"

"गाडी चालवणारा!"

"मीच."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्या मिळून गाडी उचलायला लागल्या. आरसा फुटला होता. बाळासाठी शिवलेलं झबलं पिशवीत होतं म्हणून वाचलं, माझे कपडे मात्र कमरेपर्यंत काळे. एकीने बागेच्या नळीचं पाणी आणलं. मी हात धुतले, गुडघा धुतला. कपडे धुवायला लागली तर मी नको म्हटलं. ओल्या कपड्यांवर वारा घेतला असता तर पुढे गाडी धरता आली नसती.

"असंच जातान का बारशाले?"

"असंच जाईन."

त्यांनी माझ्या पिशवीत संत्री कोंबली. त्यातली म्हातारी म्हणाली, "गाडी शिकाले किती रोज लागतात?" बाकीच्या तिला हसल्या. मी मात्र तिला खरं उत्तर दिलं: रोज थोडी चालवली तर पुढचं पीक निघायच्या आत येते.

चांदूर बाजार

मंडपाच्या दारात मंगेश उभा होता. त्याने चिखल पाहिला, फुटका आरसा पाहिला.

"पडली ना?"

"पडले. हळू व्हते म्हणून उठून आले."

त्याच्या बायकोने, रुपालीने, मला आत ओढलं. तिची आई म्हणाली, कपडे बदला, मागच्या दाराने जा, लोक बघतायत. मी तोंड-हात धुऊन तशीच पाळण्यापाशी गेले. कपडे बदलले असते तर पडल्याची लाज वाटल्यासारखं झालं असतं, आणि मला ती वाटत नव्हती.

पाळणा शेवंतीने सजवलेला होता. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून नारळ फिरवला. मी वाकून पोरीच्या कानात तिचं नाव सांगितलं. आरोही. तिने डोळे उघडून माझ्या चिखलाच्या बाहीकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी 'कुर्रर्र' करत सगळ्या बायकांचे हात माझ्या पाठीवर पडले. ही आत्याची शिक्षा कोणी काढली कुणास ठाऊक. पडताना दुखावलेला खांदा असा ठणकला की मी ओरडलेच, आणि त्यावर सगळ्या आणखी जोराने हसल्या. आमच्याकडे बार्शीटाकळीला घुगऱ्या हरभऱ्याच्या, नुसत्या मिठाच्या. इथे गव्हाच्या, गूळ घालून. मी तीन वाट्या खाल्ल्या.

जेवणं झाली. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. उन्हं उतरत असताना जवळचे लोक मंडपात बसले होते, तेव्हा मंगेशने विषय काढलाच.

"आता तरी विक ताई. आज आरसा फुटला, उद्या काय फुटीन? एक गेला ना आपला, त्याच्याच आगाऊपणानं."

रुपालीने त्याचा हात दाबला. त्याने तो झटकला.

मी उठून उभी राहिले. बसून हे बोलता आलं नसतं. "सारे हायेत म्हणून सांगते. दिनूची चूक नव्हती. तो जोरात नव्हता. मी त्या दिवशी जाऊन त्याची गाडी पाहिली, दुसऱ्या गिअरात व्हती ते. हेल्मेट डोक्यात व्हतं, दिवा चालू व्हता. धुक्यात माणसानं जेवढं कराव, तेवढं सारं त्यानं केलं व्हतं. त्याच्यापुढं कोणीतरी आंधळी ट्रॉली उभी करून निघून गेला. यापुढं माह्यासमोर 'आगाऊ' कोणी म्हणाचं नाई."

मामा खाकरले. माय एका खांबाला टेकून बसली होती. सत्तरीची, नऊवारी लुगडं, दोन्ही हात मांडीवर. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वाचता आलं नाही.

चिखलदरा

सकाळी मी गाडीचा आरसा बांधत होते. माय अंगणात आली. चांदूरच्या उत्तरेला मेळघाटाचे डोंगर दिसतात. थंडीतल्या स्वच्छ सकाळी निळी रेघ ओढल्यासारखे.

"वंदे," ती म्हणाली, "मले तिथं ने."

"कुठी?"

"चिखलदऱ्याले. लग्न होऊन आली तवापासून पाहून राहिली मी ते डोंगर. दिनू नेतो म्हणाला व्हता."

मंगेश दात घासता घासता थांबला. "माय, येड लागलं का? थंडीत? घाट हाये तो! गाडी करतो मी, जीप."

"मले जीपनं नाई जाचं."

"नाई म्हणजे नाई. ताई, तू नेलीस तं पाह्य मंग."

माय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "एक लेक रस्त्यानं नेला. म्हणून मी काय घरातच मरू?"

मंगेश आत निघून गेला, दार आपटून.

मी तिला तयार केलं. रुपालीचं स्वेटर, माझा रेनकोट, छातीशी पेपर. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने स्वतःच अंबाडा सोडून वेणी घातली. लुगड्याचा कासोटा असल्यामुळे ती दोन्हीकडे पाय टाकून बसली, माझ्यापेक्षा ऐटीत. शेजारच्या बायका दारात जमल्या. मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या: मी वळले की माझ्याबरोबर वाकायचं, आणि थंडी वाजली की लाजायचं नाही, पाठीवर थाप मारायची.

ऊन चांगलं तापल्यावर निघालो. परतवाड्याला चहा आणि गरम कचोरी खाल्ली. पुढे घाट. सागाची पानं रस्त्यावर पडलेली, सावलीतल्या वळणांवर दव अजून ओलं. वळण दिसायच्या आत वेग कमी करत, पानांवरून न जाता, हॉर्न देत चढत राहिलो. एका वळणावर मायने थाप मारली. थांबले. तिची बोटं निळसर झाली होती. मी ती इंजिनजवळ धरली, मग माझ्या हातमोज्यात घातली आणि मी गाडी पुसायच्या फडक्यात हात गुंडाळून थोडं अंतर गेले. पण ब्रेक नीट धरता येईना. पुन्हा थांबलो. तिथे एक कोरकू बाई मोळी टेकवून शेकत बसली होती. तिने सरकून जागा दिली. तिची भाषा आम्हाला कळेना, आमची तिला थोडी कळत होती. मायने पिशवीतली संत्री तिला दिली. तिघी जणी फुंकरी घालत जाळ वाढवत बसलो. घाई कोणालाच नव्हती.

वर पोचलो तर वारा. दरीच्या कठड्यापाशी माय उभी राहिली. खाली डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या पलीकडे धुरकट, सपाट वऱ्हाड.

"आपलं गाव कुठी?"

"त्या तिकडं असंल. दिसत नाई."

तिने कठड्यावर हात टेकले. मग म्हणाली, "काल बोलली ते खरं हाये का, वंदे? का मंग्याले गप कराले बोलली?"

"कोणतं?"

"दुसऱ्या गिअरात व्हती ते."

"माह्या डोळ्यानं पाहिलं, माय."

"म्हणजे हळूच जात व्हता तो."

"हळूच."

"मले सारे म्हणत, जोरात गेला असंल. मी म्हटलं, असंल. तीन वर्सं मी त्याले मनातल्या मनात बोलली. कावून रे पळवली, कावून रे पळवली." तिने हेल्मेट काढलंच नव्हतं. काचेआडून तिचा आवाज घुमत होता. "कोणी सांगितलं कावून नाई मले?"

मी ते नात्यातल्या बाकीच्यांना आधीही सांगून पाहिलं होतं, कोणी मानलं नव्हतं. कालपर्यंत तिलाच सांगितलं नव्हतं, कारण तिच्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

ती रडली. मोकळं, मोठ्याने, शेजारी फोटो काढणाऱ्या जोडप्याची पर्वा न करता. मग हेल्मेट काढून तोंड पुसलं आणि म्हणाली, "भूक लागली." टपरीवर गरम भजी आणि आटीव दूध घेतलं. स्ट्रॉबेरी तिने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि आंबट म्हणून माझ्या पानात टाकली.

उतरताना मी खालच्या गिअरात, इंजिनच्या ओढीवरच गाडी खाली आणली. परतवाड्याच्या अलीकडे एका झाडाखाली ओळखीचा माणूस दिसला. मंगेश. शेजाऱ्याची मोटारसायकल घेऊन आला होता. अंगात नुसता शर्ट, डोकं उघडं, ओठ काळेनिळे. दातांवर दात वाजत होते.

"किती फोन केले! लागतच नाई वर," तो म्हणाला. "घाटात जाऊन पाहून आलो, प्रत्येक वळणावर दरीत पाहिलं. मले वाटलं..."

माय खाली उतरली. मला वाटलं, जवळ घेईल. तिने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. "असा आला? उघड्या डोक्यानं? थरथरत? आमी दोघी नीट हाओत. तूच मेला असता!"

मग तिने त्याला जवळ घेतलं.

टपरीवर त्याला दोन चहा पाजले. माय त्याला म्हणाली, "मंग्या, दिनू हळूच जात व्हता."

तो कपात पाहत राहिला. "मले माईत हाये, माय."

"माईत हाये?"

"पोलिसांनी मलेही दाखवली व्हती गाडी." तो माझ्याकडे वळला. "त्याची चूक नसंल, ताई, तं मंग कोणाचाच भरोसा नाई ना. तुहा पण नाई. माह्या पोरीचा पण नाई. त्याचीच चूक हाये म्हटलं की मले झोप लागे."

तीन वर्षांचा माझा राग मी त्याच्यावर काढणार होते. शब्द तयारही होते. पण तो थंडीने आणि कशाकशाने हलत होता, आणि मला तो शाळेत जायला घाबरणारा मंग्या दिसला.

"नाईच भरोसा," मी म्हटलं. "म्हणून आपल्या हातात जेवढं हाये तेवढं कराव, अन् निघाव. मी गाडी विकणार नाई."

"माईत हाये," तो पुन्हा म्हणाला.

परतवाड्यात दुकान उघडं होतं. त्याने मुकाट्याने हेल्मेट घेतलं, एक जाड जाकीटही. मग म्हणाला, "माय, आता माह्या मागं बस. ताईचा खांदा दुखते."

मायने त्याच्याकडे आणि माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, माझ्या मागे येऊन बसली आणि कासोटा सावरला.

"तू मागून ये," ती त्याला म्हणाली. "अन् अंतर ठेव."